वर्तुळाबाहेरचे गायक
(अमेरिकन कंट्री संगीताच्या इतिहासातील काही क्षण)

आपल्याकडील ख्रिस्ती घरांत अमेरिकन कंट्री संगीत शिरले ते मुख्यत्वे जिम रीव्हजच्या आवाजातून. तबकडीच्या आणि पुढे कॅसेटच्या काळात, नाताळ जवळ आला की मुंबईपासून गोव्यापर्यंत अनेक घरांतून त्याची गाणी ऐकू येत. तो मऊ, संथ, कानाशी येऊन बोलल्यासारखा आवाज आपण 'साधा' म्हणून आपलासा केला. वस्तुतः तो साधेपणा मोठ्या विचाराने घडवलेला होता. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशव्हिल शहरातील ध्वनिमुद्रणगृहांत चेट अ‍ॅटकिन्ससारख्या निर्मात्यांनी कंट्री गाण्यातले फिडल, म्हणजे खेडवळ वळणाचे व्हायोलिन, आणि स्टील गिटार मागे सारले. त्यांच्या जागी पियानो आणि सहगायकांचा गुंजारव आला. पुढे तंतुवाद्यांचा ताफाही आला. रीव्हजनेही आपला स्वर खाली आणला. १९५७च्या 'फोर वॉल्स' या गाण्याच्या वेळी तो मायक्रोफोनला जवळजवळ ओठ टेकवून गायला. शहरी श्रोत्याला खेड्याचा वास येऊ नये, पण गाणे मात्र खेड्याचेच वाटावे, अशी ती योजना होती.

म्हणजे ज्याला आपण मातीचे गाणे म्हणतो त्याची माती कुणीतरी चाळून घेतलेली असते. हे एकदा ध्यानात आले की या संगीताच्या इतिहासाकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. त्या इतिहासातले ठळक क्षण पुस्तकांतून आणि माहितीपटांतून पुन्हा पुन्हा सांगितले जातात. कोण कधी आला, कोणाची तबकडी किती खपली, कोण कोणत्या रंगमंचावर उभा राहिला, अशी ती आगमनांची कथा असते. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही क्षण एकाच प्रश्नाच्या प्रकाशात तपासायचे आहेत: त्या क्षणी गाण्यावर कोणाचे नाव लागले आणि कोणाचे राहून गेले? हा प्रश्न बाहेरून लादलेला नाही. कंट्री संगीत आपल्याकडे जी मान्यता मागते ती कौशल्याच्या बळावर मागत नाही. आपण खरे बोलतो, या एका दाव्यावर मागते. तेव्हा त्याची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हायला हवी.

ब्रिस्टल, १९२७

ब्रिस्टल हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर वसले आहे. मुख्य रस्त्याच्या मधोमध सीमारेषा जाते. या रस्त्यावरील टोप्यांच्या एका वखारीत व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअर याने २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या दिवसांत तात्पुरते ध्वनिमुद्रणगृह थाटले. डोंगराळ मुलखातून एकोणीस गायक व गायकवृंद तेथे आले आणि शहात्तर गाणी मुद्रित झाली. त्यांत कार्टर कुटुंब होते: ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सेरा आणि भावजय मेबेल. ४ ऑगस्टला जिमी रॉजर्स हा रेल्वेत काम केलेला क्षयरोगी तरुण तेथे गायला. कंट्री संगीताचा जन्मदिवस म्हणून पुढे या दिवसांचाच गौरव होत आला.

कार्टर कुटुंबाचे गाणे आजही ऐकावे. सेराचा खर्जाकडे झुकणारा आवाज भावनेचे प्रदर्शन करीत नाही. मृत्यूचे गाणे आणि प्रेमाचे गाणे ती एकाच स्थिर चेहऱ्याने गात असावी असे वाटते. मेबेल अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवते आणि त्याच वेळी दुसऱ्या बोटाने बारीक तारांवर ठेका धरते. एकच वाद्य गायकही होते आणि साथीदारही. असा संयम हीच या संगीताची खरी कमाई होय.

पण ब्रिस्टलमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. पीअर गाणे शोधत होता, तसाच गाण्याचा हक्कही शोधत होता. प्रत्येक गाण्यामागे गायकाला पन्नास डॉलर आणि विक्रीतील लहानसा वाटा मिळे. पीअरचे स्वतःचे उत्पन्न मात्र गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतून यायचे होते. त्यासाठी गाणे कोणाच्या तरी नावावर नोंदवता येणे आवश्यक होते. आजीकडून नातीकडे आणि प्रार्थनासभेतून पडवीत आलेली गाणी त्या वखारीत प्रथमच 'मालकीची' झाली. दुसरी विभागणी त्याही आधी झाली होती. तबकडी कंपन्यांनी कृष्णवर्णीयांच्या गाण्यांसाठी एक यादी आणि दक्षिणेतील गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांसाठी दुसरी यादी तयार केली होती. दोन्ही बाजारपेठा घडवण्यात पीअरचा मोठा वाटा होता. प्रत्यक्ष गावात गाणी असे कुंपण पाळत नव्हती. ज्या बँजोला आपण गोऱ्या डोंगरकऱ्यांचे वाद्य समजतो त्याचे मूळ आफ्रिकेत आहे. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या हातांतून ते अमेरिकेत आले. १९४९ साली 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने दोन्ही याद्यांची नावे अधिक सभ्य केली. एकीचे 'कंट्री अँड वेस्टर्न' झाले, दुसरीचे 'ऱ्हिदम अँड ब्लूज'. पाट्या बदलल्या, भिंत राहिली.

ज्याच्या स्मरणात चाली राहिल्या

तबकड्या खपू लागल्यावर ए. पी. कार्टरला नवी गाणी हवी होती. तो डोंगरदऱ्यांतून घरोघर हिंडू लागला. शब्द तो कागदावर उतरवून घेई, पण चाल त्याच्या लक्षात राहत नसे. ही उणीव भरून काढली लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाने. सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात रिडलने एक पाय गमावला होता. शब्द कार्टरच्या कागदावर आणि चाल रिडलच्या स्मरणात, अशी त्या दोघांची वाटणी होती. वर्णभेदाचे कायदे कडक असलेल्या त्या मुलखात एक गोरा आणि एक काळा माणूस मिळून गाणी वेचत फिरत होते, हे दृश्यच विलक्षण आहे. रिडल कार्टरांच्या घरी मुक्कामाला असे. त्याने स्वतःची गाणीही त्यांना दिली. मेबेलने आपली शैली त्याच्या भेटीपूर्वीच घडवली होती, हे ब्रिस्टलच्या तबकड्यांवरून स्पष्ट दिसते. मात्र पुढे बोटांनी तारा छेडण्याच्या आणखी काही तऱ्हा तिने त्याच्याकडून उचलल्या.

तबकड्यांवर रिडलचे नाव नाही. १९६५ साली लोकसंगीताचा अभ्यासक माइक सीगर याने त्याला शोधून काढले आणि त्याचे वादन मुद्रित केले. ती ध्वनिमुद्रिका बाजारात आली १९९३ मध्ये. तेव्हा रिडल हयात नव्हता.

या प्रकरणात खलनायक शोधणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. कार्टरने रिडलला आपल्या घरात जागा दिली, आपल्या ताटाला बसवले. त्या काळी असे करणारे थोडे होते. पण घरात मिळालेली जागा तबकडीवर मिळाली नाही. व्यक्तीच्या चांगुलपणाने व्यवस्थेतील अन्याय आपोआप मिटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रार्थनामंदिरातील रंगमंच

२८ नोव्हेंबर १९२५ रोजी नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या नभोवाणी केंद्रावर एका वृद्ध फिडलवादकाच्या वादनाने एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. केंद्र एका विमा कंपनीचे होते. ग्रामीण घरांपर्यंत पोहोचण्यासाठी तिला गाणे हवे होते. १९२७च्या डिसेंबरात निवेदक जॉर्ज हे याने आधी संपलेल्या अभिजात संगीताच्या कार्यक्रमाला कोपरखळी मारीत आपल्या कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' हे थट्टेचे नाव दिले. परंपरा सांगते की त्या नावासह पुढे आलेला वादक होता डीफोर्ड बेली. बालपणीच्या पोलिओने बारीक, बुटका राहिलेला हा कृष्णवर्णीय कलावंत माउथ ऑर्गनवर आगगाडी उभी करी. आधी लांबून शिट्टी, मग चाकांची वाढती लय आणि पुन्हा दूर विरत जाणारा आवाज. १९२८ साली तो बावन्नपैकी एकोणपन्नास कार्यक्रमांत वाजवत होता. मात्र दौऱ्यावर गेल्यावर ज्या हॉटेलात त्याचे गोरे सहकारी उतरत तेथे त्याला खोली मिळत नसे.

१९४१ मध्ये स्वामित्वहक्कांच्या एका वादामुळे त्याच्या प्रसिद्ध चाली नभोवाणीवर वाजवणे अडचणीचे झाले आणि त्याला कामावरून कमी करण्यात आले. अडचण इतरांनाही होती. दार मात्र त्याला दाखवले गेले. पुढे त्याने नॅशव्हिलमध्येच बुटांना पॉलिश करण्याचे दुकान चालवले. १९८२ साली तो वारला आणि २००५ साली कंट्री संगीताच्या सन्मानदालनात त्याचे नाव लागले.

१९४३ ते १९७४ या काळात ऑप्रीचा कार्यक्रम रायमन सभागृहात होत असे. ही वास्तू १८९२ साली प्रार्थनामंदिर म्हणून बांधली गेली. एका पुनरुज्जीवन प्रचारकाच्या प्रवचनाने अंतर्मुख झालेल्या टॉम रायमन या जहाजमालकाने ती उभारली होती. श्रोते बसत ते चर्चमधल्यासारख्या लांब लाकडी बाकांवर. शनिवारी रात्री त्याच बाकांवर बसून लोक दारूची, विरहाची आणि फसलेल्या संसाराची गाणी ऐकत. यात ढोंग पाहणाऱ्यांना हे संगीत कळले नाही असे म्हणावे लागेल. शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ एकाच माणसाला भोगावी लागते, हे या गाण्यांचे मूलभूत ज्ञान आहे.

ते ज्ञान सर्वांत तीव्रतेने व्यक्त झाले हँक विल्यम्समध्ये. ११ जून १९४९ रोजी ऑप्रीच्या रंगमंचावर त्याने पहिले पाऊल टाकले; ऑगस्ट १९५२ मध्ये व्यसनापायी त्याला तेथून काढण्यात आले; १ जानेवारी १९५३ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, ओहायोतील कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर तो मृतावस्थेत आढळला. पापाची कबुली देणारी भक्तिगीते आणि मद्यालयात रडणारी गाणी तो एकाच घशाने गात होता. बाजाराला मात्र हे झेपेना. त्याची उपदेशपर निवेदने 'ल्यूक द ड्रिफ्टर' या वेगळ्या नावाने काढण्यात आली, ती मद्यालयांतील ज्यूकबॉक्स चालवणाऱ्यांनी चुकून मागवू नयेत म्हणून. एका जिवंत माणसाचेही बाजाराने दोन कप्पे केले. विल्यम्सच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवायलाच हवी. अलाबामातील रस्त्यांवर वाजवून पोट भरणारा रूफस पेन हा कृष्णवर्णीय वादक आपला गुरू होता, हे त्याने उघडपणे सांगितले. पेन मात्र १९३९ सालीच दारिद्र्यात मरण पावला होता. शिष्याची कबुली ऐकायला तो उरला नव्हता.

एक चाल, चार गाणी

१९५२ साली किटी वेल्स या तीन मुलांच्या आईने एक गाणे मुद्रित केले: 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स'. त्याच वर्षी हँक थॉम्पसनचे एक गाणे गाजत होते. त्यात संसार सोडून मद्यालयात रमणाऱ्या स्त्रीला दोष दिला होता. वेल्सचे गाणे हे त्याला उत्तर होते: अशा स्त्रिया देवाने घडवल्या नाहीत, त्यांना त्या वाटेवर नेणारे पुरुषच असतात, असा त्याचा आशय. काही काळ नभोवाणीवर त्याला मज्जाव झाला, ऑप्रीनेही प्रारंभी ते गाऊ दिले नाही; तरी 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले एकट्या स्त्रीगायिकेचे ते पहिले गाणे ठरले.

या गाण्याची चाल थॉम्पसनच्या गाण्याचीच आहे. तीच चाल १९३६ मध्ये रॉय अकफने 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' या धार्मिक गीतासाठी वापरली होती. त्याही आधी कार्टर कुटुंबाने ती एका प्रेमगीतात गायली होती. विरह, श्रद्धा, आरोप आणि उत्तर हे सर्व एकाच चालीने वाहिले. ज्या स्वरांत आरोप झाला त्याच स्वरांत उत्तर देण्यात एक नैतिक सौंदर्य आहे. येथे चाल कोणाची, हा प्रश्नच गळून पडतो. ती सर्वांची असते म्हणूनच वेल्सला ती उचलून धरता येते. लोकपरंपरेचे हे औदार्य आणि रिडलवर झालेला अन्याय यांत फरक कोणता? उसनवारीत दोष नाही. सर्वांनी घेतलेले जेव्हा एकाच्याच नावावर नोंदले जाते आणि मोबदलाही त्यालाच मिळतो, तेव्हा दोष सुरू होतो.

फॉल्सम तुरुंग, १९६८

१३ जानेवारी १९६८ रोजी जॉनी कॅशने कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात कैद्यांसमोर दोन कार्यक्रम केले. त्यातून निघालेल्या ध्वनिमुद्रिकेने त्याच्या उतरणीला लागलेल्या कारकिर्दीला नवे आयुष्य दिले. माझ्या मते या संगीताच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण क्षण हाच होय, आणि त्याचे कारण त्याच्या विसंगतीत आहे.

कार्यक्रमाची सुरुवात 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' या कॅशच्या जुन्या गाण्याने झाली. या गाण्याची चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराच्या १९५३च्या एका रचनेवरून घेतलेले होते. जेंकिन्सचे नाव त्यावर नव्हते. पुढे कॅशला सुमारे ७५,००० डॉलर देऊन तो वाद मिटवावा लागला. एवढेच नव्हे, तर त्या गाण्यातील खुनाच्या ओळीनंतर ऐकू येणारा कैद्यांचा आरोळीवजा जल्लोष नंतर ध्वनिमुद्रणगृहात मिसळलेला आहे. प्रत्यक्षात कैदी त्या ओळीला ओरडले नव्हते. 'अस्सल' म्हणून जगभर गाजलेल्या क्षणात एवढे कृत्रिम भरलेले आहे.

कार्यक्रमाच्या शेवटी कॅशने 'ग्रेस्टोन चॅपेल' हे गाणे गायले. ते लिहिले होते ग्लेन शर्ली या कैद्याने. सशस्त्र दरोड्यासाठी शिक्षा भोगत असलेला शर्ली पहिल्या रांगेत बसला होता. एका धर्मोपदेशकाने त्या गाण्याची ध्वनिफीत आदल्या रात्री कॅशला ऐकवली होती; कॅशने ते रातोरात बसवले आणि सर्वांसमोर लेखकाचे नाव घेतले. तुरुंगातील दगडी प्रार्थनामंदिरावरचे हे गाणे आहे. तुरुंगात माणसाची ओळख क्रमांकाने होते. तेथे एका कैद्याचे नाव गीतकार म्हणून उच्चारले गेले आणि तबकडीवर छापले गेले.

समीक्षेच्या निकषांवर पाहिले तर पहिले गाणे सरस आहे. त्याची लय, त्यातील आगगाडीची प्रतिमा, कॅशच्या आवाजातील कोरडेपणा, सारे अधिक पक्के आहे. 'ग्रेस्टोन चॅपेल' हे साधे, काहीसे भाबडे गीत आहे. ऋण मान्य केल्याने गाणे आपोआप श्रेष्ठ होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शर्लीची पुढची कहाणीही सुखान्त नाही. १९७१ मध्ये कॅशच्या प्रयत्नांनी तो सुटला, त्याच्या ताफ्यात गाऊ लागला, पण मोकळे जग त्याला पेलले नाही. १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. नाव मिळाल्याने माणसाचे तारण होतेच असे नाही. तरीही त्या सकाळी जे घडले त्याचे मोल कमी होत नाही. ज्याचे होते ते त्याला दिले गेले. तेवढे तरी माणसाच्या हाती असते.

वर्तुळ

कार्टर कुटुंबाने १९३५ साली 'कॅन द सर्कल बी अनब्रोकन' हे गाणे मुद्रित केले. १९०७ सालच्या एका स्तोत्राचा तो नवा अवतार होता. मूळ स्तोत्रात कुटुंबाचे वर्तुळ स्वर्गात पूर्ण होईल काय, असा प्रश्न होता. कार्टरांच्या गाण्यात आईच्या अंत्ययात्रेचे दृश्य आले. गाणे मुद्रित झाले तेव्हा सेरा आणि ए. पी. यांचा संसार मोडलेला होता आणि दोघे वेगळे राहत होते. तरीही अखंड वर्तुळाचे ते गाणे कंट्री संगीताचे जणू राष्ट्रगीत झाले. १९७४ मध्ये ऑप्री नव्या वास्तूत गेली तेव्हा रायमनच्या रंगमंचावरील लाकडाचे एक वर्तुळ कापून नव्या रंगमंचात बसवण्यात आले. आजही गायक त्या वर्तुळात उभा राहून गातो.

त्या वर्तुळात कोणाला जागा मिळाली, याचा हिशेब संथ गतीने चालला आहे. चार्ली प्राइड हा मिसिसिपीतील कापूस वेचणाऱ्या कुटुंबातला गायक. रीव्हजला घडवणाऱ्या अ‍ॅटकिन्सनेच त्याला करारबद्ध केले. पण १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या नभोवाणी केंद्रांकडे छायाचित्राविना धाडण्यात आल्या. आवाज आधी आवडू द्यावा, वर्ण मग कळू द्यावा, असा तो हिशेब. १९७१ साली तो वर्षाचा सर्वोत्तम रंजनकार ठरला. लिंडा मार्टेल ही ऑप्रीवर एकल गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री १९६९ मध्ये आली आणि थोड्याच वर्षांत या क्षेत्रातून दिसेनाशी झाली. २०२४ साली बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर' या संग्रहात मार्टेलचा आवाज पुन्हा ऐकू आला. त्या संग्रहाला कंट्री म्हणावे की नाही यावर बराच वाद झाला. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या त्या वर्षीच्या नामांकनांत त्याला स्थान नव्हते, आणि २०२५च्या फेब्रुवारीत ग्रॅमीचा सर्वोत्तम कंट्री संग्रहाचा सन्मान त्यालाच मिळाला. वाद गाण्याच्या गुणांबद्दल थोडा आणि कुंपणाबद्दल अधिक होता. ते कुंपण कोणी आणि कशासाठी घातले, हे आपण वर पाहिलेच आहे.

काही रसिक म्हणतील, गाणे गोड लागते ना, मग हे हिशेब कशाला? सर्व संगीताला हे उत्तर पुरेसे असेलही. कंट्री संगीताला नाही. त्याने स्वतःच आपली बाजू सत्याच्या आधाराने मांडली आहे. शिवाय ऋण ओळखल्याने आनंद उणावत नाही. मेबेलच्या गिटारमागे रिडलची बोटे ऐकू येऊ लागली, हँकच्या सुरात पेनचा रस्ता दिसू लागला, की तेच गाणे अधिक भरीव होते. रीव्हजचा मऊ आवाज आपण खुशाल ऐकावा; मात्र त्यासाठी जे फिडल गप्प करण्यात आले तेही कधीतरी शोधून ऐकावे. वर्तुळ अखंड राहील काय, हा त्या स्तोत्रातला प्रश्न परलोकाविषयी होता. इहलोकापुरते त्याचे उत्तर ऐकणाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून आहे.